अकरावी कुंती

१

कुंतीला ऊन फारसं लागत नाही. आमच्या आशागडच्या वाडीत चिकूच्या झाडांखाली सकाळी तासभर तिरपं ऊन येतं, तेवढं तिला पुरतं. जमीन ओलसर हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. बी रुजायला सोपं, मात्र फळ ताजं असतानाच पेरावं लागतं. फुलं उन्हाळ्यात येतात. पांढरी, लहान, संत्र्याच्या बहरासारख्या वासाची. आमच्या डोंगरात ती आपोआप वाढते. नर्सरीवाले तिलाच कामिनी म्हणतात आणि कुंडीत घालून विकतात.

हे सगळं मला नविनने सांगितलं होतं. मी तेव्हा ऐकत नव्हते. मी बहुतेक वेळा फोनवर कुणाशी तरी भांडत असायचे.

नविन माझा नवरा. डहाणू रोड स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर त्याची सगळी नोकरी झाली. २०१४ साली निवृत्त झाला आणि त्याच पावसाळ्यात कोसबाडच्या टेकडीवरून कुंतीची लाल फळं रुमालात बांधून घेऊन आला. अकरा रोपं जगली. विहिरीपासून घराच्या मागच्या दारापर्यंत, पायवाटेच्या कडेने त्याने ती एका रांगेत लावली.

रोज दुपारी चारच्या गाडीचा भोंगा दुरून ऐकू आला की तो उठायचा. बादली आणि प्लास्टिकचा मग घ्यायचा आणि विहिरीकडून घराकडे एकेक झाड करत यायचा. त्याचा खांदा आखडलेला होता, त्यामुळे खोडाच्या पलीकडे हात पोचायचा नाही. प्रत्येक झाडाभोवतीच्या ओल्या कड्यात घराच्या बाजूची चार बोटांची पट्टी कोरडीच राहायची. मागून रूपी यायची. रूपी आमच्या वाडीत वीस वर्षं कामाला आहे. "भाऊ, मागचं राहिला," म्हणायची आणि तेवढी पट्टी भिजवायची.

पाच वर्षांत एकाही कुंतीला फूल आलं नाही.

२

यंदा जानेवारीत कोसबाडच्या एका जाणकाराने नविनला सांगितलं, "पाणी जास्त होतंय. नुसता पाला वाढवताय तुम्ही. ताण द्या."

ताण म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होऊन वळायला लागेपर्यंत थेंबही द्यायचा नाही. मग एका दिवशी भरपूर पाणी द्यायचं. झाडाला वाटतं आता वाचलो, आणि आठ-दहा दिवसांत ते फुलतं. नविनने संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बादली विहिरीच्या कट्ट्यावर उपडी घातली. "एप्रिलात सोडू ताण," म्हणाला.

त्याच दिवसांत डहाणू-तलासरीत जमीन हलत होती. नोव्हेंबरपासून हलतच होती. भांडी वाजायची, भिंतींना चिरा जायच्या आणि साहेब लोक गाडीतून उतरून "घाबरू नका" असं सांगून जायचे. मी तीस वर्षं या तालुक्यांच्या बातम्या लिहिल्या आहेत. एवढा निर्ढावलेपणा मीही पाहिला नव्हता. कुडाच्या घरांत राहणारी माणसं थंडीत पोरंबाळं घेऊन उघड्यावर झोपत होती आणि तंबू कुठल्या तरी गोदामात पडून होते. मी लिहिलं, ओरडले, एका अधिकाऱ्याला त्याच्याच केबिनमध्ये खाली बसायला लावून आकडे मागितले. फेब्रुवारीत मोठा धक्का बसला, त्यानंतर मी लिहिलं की कुणीही पक्क्या घरात झोपू नये.

लिहिलं ते पाळायचं, हा माझा नियम. आमच्या वाडीतही तंबू लागला.

नविन रोज एकदा विचारायचा, "आत जाऊ या का?" मी म्हणायचे, "नाही." तंबूखालची जमीन ओलसर होती. कुंतीसाठी चांगली होती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो खोकायला लागला. दोनदा खोकायचा आणि तिसरा खोकला गिळायचा, कारण एकदा मी म्हणाले होते, "झोपू दे ना जरा." असे एकोणीस दिवस गेले. मग वलसाडचं हॉस्पिटल.

चार मार्चला वलसाडहून आम्ही दोघं एकाच गाडीने परत आलो. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते.

माझ्याच पेपरने माझ्याकडे चार ओळी मागितल्या. नाव, वय, नोकरी, मागे कोण. आयुष्यात अशा हजारभर बातम्या मी चहा निवेपर्यंत लिहून टाकल्या असतील. ही पाठवली नाही. ते वाक्य अजून मी कुठेही लिहिलेलं नाही. बोललेही नाही.

घरात झोपायलाही गेले नाही. पडवीत गॅस मांडला आणि तंबूतच राहिले. मला काही होत नव्हतं. रडू येत नव्हतं आणि भूकही लागत नव्हती.

३

सात मेच्या मंगळवारी रूपी तंबूपाशी येऊन उभी राहिली.

"ताय, पानं पार वळली. आता ताण सोडाय पायजे."

"मग सोड. विहीर तिथंच आहे."

"मी कशी सोडू? भाऊनं दिलाय. ज्यानं ताण दिला त्यानंच सोडायचा असतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"तुझ्या पेपरात नाय, एवढं माहीत हाय."

"आणि तो नसला तर?"

"तर त्याचा पोर सोडतो, नाय तर बायको. पण आधी झाडाला सांगाय लागतं, तो मेला, आता मी पाणी देतंय. नाय सांगितलं तर झाड त्याचीच वाट बघतं." ती थांबली. "तू सांग. मग दोघी मिळून घालू पाणी. अकरा तर झाडं."

मला राग आला. कित्येक आठवड्यांनी काहीतरी आलं, म्हणून मी तो धरून ठेवला. "रूपी, ज्यानं दिला त्यानंच सोडायचा ना? मग त्यालाच बोलाव. म्हणावं, बाईंनी बोलावलंय. काम अर्धं टाकून कुठे जाऊन बसलास? ये आणि पुरं कर."

रूपी माझ्या प्रत्येक टोमण्यावर हसते. तिला ते आवडतात. या वेळी हसली नाही.

"तू बोललीस हां," ती म्हणाली. "मी नाय बोलली."

विहिरीच्या कट्ट्यावर जानेवारीपासून उपडी असलेली बादली तिने सरळ करून ठेवली आणि घरी गेली.

४

बुधवारी दुपारी विहिरीजवळच्या पहिल्या कुंतीखाली जमीन ओली होती.

मोटरचा पाइप गळत असेल, असं मला वाटलं. मोटर बंद होती. मग वाटलं रूपी. रूपी त्या दिवशी चारोटीला भाचीकडे गेली होती. योगायोगाने पंचनाम्यासाठी तलाठी आला होता, घराच्या भिंतींच्या चिरा मोजायला. तरुण मनुष्य, सतत घाम पुसत होता.

"मॅडम, तुमच्या बातमीमुळे मला हा तिसरा फेरा आहे," तो म्हणाला.

"चौथाही मारावा लागेल. मागच्या भिंतीची चीर तुम्ही लिहिलीच नाही."

मागे आल्यावर मी त्याला कुंतीखालची ओल दाखवली. तो खाली वाकला. "धक्क्यांनी झरा फुटला असेल. हळदपाड्याकडे एका विहिरीचं पाणी असंच वर आलंय म्हणतात. पण हे..." त्याने बोटाने हवेत गोल काढला. "हे कुणीतरी घातलंय. आळं बघा ना, गोल आहे. एवढीच बाजू राहिली."

घराच्या बाजूला चार बोटांची पट्टी कोरडी होती.

"हात पोचला नसेल," तलाठी म्हणाला आणि चीर मोजायला गेला.

गुरुवारी सकाळी पहिली कुंती फुलली होती. ताण सोडल्यावर फुलायला आठ-दहा दिवस लागतात. ही एका रात्रीत पांढरी झाली होती. आणि त्याच दुपारी दुसरीखालची जमीन ओली झाली.

५

मी पत्रकार आहे. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी नवशिक्या पोरांना शिकवलं आहे. मी वही काढली. वेळ, जागा, ओलीचा व्यास, कोरड्या पट्टीची दिशा. शुक्रवारी तिसरी. शनिवारी चौथी.

रविवारी साडेतीनपासून पाचव्या कुंतीसमोर खुर्ची टाकून बसले. वाडीत दुपारी चिकूच्या सावलीत एक हिरवट अंधार असतो. त्यात सगळं स्पष्ट दिसतं, फक्त थोडं लांब वाटतं. वारा नव्हता. पहिल्या चार कुंतींचा वास पायवाटेवर जमून राहिला होता आणि पुढे सरकत नव्हता.

गाडीचा भोंगा ऐकू आला.

माझी नजर मातीवर होती. मी दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही, हे शपथेवर सांगते. माती कोरडी होती, आणि मग तिच्यावर ओल उमटायला लागली. डावीकडून सुरुवात झाली. कागदावर तेल पसरावं तशी ती सावकाश वळत खोडामागे गेली आणि थांबली. पाणी कुठून पडत होतं ते दिसलं नाही. प्लास्टिकचा मग बादलीच्या काठाला लागल्याचा आवाज मात्र आला. एकदाच. बादली माझ्या मागे, विहिरीच्या कट्ट्यावर होती. मी जाऊन पाहिली. आतून ओली होती.

मुंबईतल्या ओळखीच्या एका भूगर्भाच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, भूकंपप्रवण भागात भूजलाची पातळी बदलते, त्यात नवल नाही.

"रोज एकेका झाडाखाली? चार वाजता? आणि रांगेने?"

"सुषमाताई, तुम्ही बातमी करताय का यावर?"

"नाही."

"मग जरा विश्रांती घ्या," ते म्हणाले. आवाज फार सौम्य होता. माझ्याशी या आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं.

६

सोमवारी अदितीचा फोन आला. अदिती आमची मुलगी, बोरिवलीला असते.

"आई, शनिवारी गाडी घेऊन येतेय. बॅग भरून ठेव. या वेळी नाही म्हणायचं नाही."

"वाडीचं काय?"

"रूपीमावशी बघेल. आई, तू तीन महिने तंबूत राहतेयस. आता सगळे आपापल्या घरात झोपतात. ज्यांच्या भिंती पडल्या तेसुद्धा. आणि ज्यांना तू बाहेर झोपायला सांगितलंस तेसुद्धा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सॉरी," ती म्हणाली. "आई, बाबा गेलेत. तू एकदा तरी म्हण ना, गेलेत."

"शनिवारी किती वाजता येशील?" मी विचारलं.

"चारपर्यंत."

मी वही पाहिली. सहावी कुंती तासाभरापूर्वी भिजली होती. मंगळवारी सातवी, बुधवारी आठवी. अकरावी मागच्या दाराच्या पायरीला लागून आहे, तिची पाळी शनिवारी होती.

रूपी आता विहिरीच्या पुढे येत नव्हती. तिथूनच हाक मारायची.

"ताय, शेवटचा काय मागत होता भाऊ?"

"पाणी मागत होता. हॉस्पिटलात सगळेच मागतात."

"त्याच्या आधी. इथं."

तिला माहीत होतं. ती तेव्हा रोज सकाळी तंबूपाशी चहा घेऊन यायची.

"घरात जायचा होता ना त्याला?" रूपी म्हणाली. "मग दारापर्यंत येल. आत जाईल. पण एकटा नाय जायचा. कधी एकटा म्हणालाच नाय तो. तुला घेऊनच म्हणायचा." मग तिचा आवाज उतरला. "अजून हाय चार-पाच दिवस. तू बोलावलंस, तूच सांग. एकदाच सांगायचा, तू मेलास, जा. मग नाय येत."

"मला हसू येतंय, रूपी."

"नाय येत," रूपी म्हणाली. "बघतंय ना मी."

७

बुधवारी मी प्रयत्न केला.

आठव्या कुंतीसमोर चारला पाच मिनिटं असताना उभी राहिले. वाक्य साधं होतं. दोन शब्दांचं. मी मंत्र्यांना तोंडावर खोटारडे म्हटलं आहे. एका बिल्डरच्या माणसांनी माझी स्कूटर जाळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव पहिल्या पानावर छापलं. मला शब्दांची भीती कधी वाटली नाही.

भोंगा झाला. माती डावीकडून भिजायला लागली.

"नविन," मी म्हणाले.

ओल थांबली. अर्ध्यावर, खोडाच्या बाजूला. काहीतरी ऐकत असल्यासारखी थांबली. चिकूच्या फांद्यांत एक पक्षी बोलत होता, तोही गप्प झाला. मला फक्त पुढचं वाक्य म्हणायचं होतं.

"नविन, पाणी फार घालतोयस," मी म्हणाले.

खोडापलीकडून कुणीतरी खोकलं. दोनदा. तिसरा खोकला गिळला.

मग ओल पुढे सरकली आणि नेहमीच्या जागी थांबली. मी वहीत वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

८

शुक्रवारी दहावी भिजली. शनिवारी सकाळपर्यंत दहाही कुंती फुललेल्या होत्या आणि दुपारपर्यंत त्यांच्या पाकळ्या पायवाटेवर पडल्या होत्या, विहिरीपासून मागच्या दारापर्यंत. अकरावी हिरवीच होती. तिची पानं आत वळून सुरळ्या झाली होती.

अदिती साडेतीनलाच आली. समोरच्या अंगणात गाडी लावून तिने तंबूतलं माझं सामान स्वतःच भरायला घेतलं. "औषधं कुठेत? ब्लाउज एवढेच? बाकीचे कपडे आत असतील ना?"

"आत आहेत. मी आणते."

"मी जाते."

"नको," मी म्हणाले. "मला माहीत आहे कुठे काय आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घरात जाते म्हणाले, म्हणून तिला बरं वाटलं असावं. "पाच मिनिटं हां, आई," ती म्हणाली. "मग निघू. वाटेत महालक्ष्मीला चहा घेऊ."

मी मागून गेले, कारण किल्ली मागच्या दाराची होती. विहिरीपाशी रूपी उभी होती. तिने मान हलवली. नको, अशी.

मी पायरीवर उभी राहिले तेव्हा भोंगा झाला.

अकरावी कुंती माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होती. ओल डावीकडून आली, सावकाश, थकलेल्या माणसाच्या हातून येते तशी. खोडाला वळसा घालून माझ्या बाजूला पोचली आणि थांबली. चार बोटांची पट्टी राहिली. पुढे काही झालं नाही. पण काही संपलंही नाही. समोर कुणीतरी मग धरून, हात लांब करून वाकलेलं होतं, आणि त्याला तेवढं पोचत नव्हतं. मला कुणी दिसलं नाही. मला दिसली ती फक्त कोरडी माती आणि तिच्या काठावर थरथरणारं पाणी.

अजून म्हणता आलं असतं. रूपी विहिरीवरून तेच ओरडत होती. "ताय, सांग. सांग त्याला."

पाच वर्षं तो रोज या दारापर्यंत आला. पाच वर्षांत ती पट्टी मी एकदाही भिजवली नाही. तो कुणाच्या तरी येण्याची वाट बघत थांबायचा आणि रूपी यायची.

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली होती. मी खाली वाकले आणि ती पट्टी भिजवली. कडं पुरं झालं.

"मागचं राहिलं होतं," मी म्हणाले.

रूपीचं ओरडणं थांबलं. ती विहिरीपासून मागे फिरली आणि चालू लागली. धावली नाही.

९

किल्ली लावायला गेले तर कुलूप कडीला उघडंच लटकत होतं.

आत थंड होतं. फेब्रुवारीतली थंडी तशीच साठून राहिली होती. स्वयंपाकघरातून पलीकडे झोपायची खोली दिसते. पलंगावरची मच्छरदाणी मी तीन महिन्यांपूर्वी गुंडाळून खुंटीला अडकवली होती. ती सोडलेली होती. चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली होती, तीन बाजू नीट आणि माझ्या बाजूची सैल, मला आत शिरता यावं म्हणून. तो तशीच ठेवायचा. जाळीमागे पलंगाची त्याची बाजू दबलेली होती. त्या जागी काय होतं ते मी पाहिलं. थोडंच दिसलं. अंगावर घेतलेलं तंबूतलं घोंगडं आणि घोंगड्याबाहेर राहिलेली टाच. टाचेला ओली माती लागलेली होती आणि एक पांढरी पाकळी.

तेवढ्यात धक्का बसला. फार मोठा नव्हता. मांडणीवरची भांडी वाजली, भिंतीतून थोडी माती गळली. मे महिन्यात असे धक्के अधूनमधून यायचे. सगळ्यांना आता सवय झाली आहे. जमीन हलली की बाहेर पळायचं. हे मीच सगळ्यांना लिहून सांगितलं आहे.

समोरून अदितीचा आवाज आला. "आई. आई, बाहेर ये. आधी बाहेर ये."

मी मागचं दार लावलं. वरची कडी घातली, मग खालची. मग पुढच्या खोलीत जाऊन समोरच्या दाराचीही घातली. तिन्ही कड्या सहज बसल्या. भूकंपाने चौकटी वाकल्या आहेत असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अकरावी कुंती दिसते. ती फुलते आहे. मी बघत असतानाच फुलते आहे, पण वास येत नाही.

हे मी वहीत लिहिते आहे. वेळ चार वाजून बारा मिनिटं. अदिती दार वाजवते आहे, आधी हाताने, आता बहुतेक दगडाने. खोलीतून दोनदा खोकल्याचा आवाज आला. तिसरा त्याने गिळला नाही, पूर्ण खोकला. आता इथे त्याला कुणी झोपू दे म्हणणार नाही.

"आई, काय करतेयस आत?" अदिती विचारते आहे. ती रडते आहे.

"रडू नको," मी तिला आतून सांगितलं. "थांब जरा. येतो आम्ही."